नगरपरिषदेकडे बंब आहे, माणसं नाहीत. मुंबईचे 'अग्निशमन सल्लागार' यात काही करू शकतात का?

खानदेशची_ताई

नमस्कार मंडळी. मी खानदेशातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेत नगरसेविका आहे. पहिल्यांदाच निवडून आलेय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गावाला लागून जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या, गिरण्या आहेत. मार्चमध्ये त्यातल्या एकीच्या आवारात रुईला आग लागली. आमच्याकडे बंब आहे. लालभडक, जवळपास नवा, उद्घाटनाच्या हाराचा वाळलेला दोरा अजून आरशाला गुंडाळलेला. पण त्या दुपारी तो जागचा हलला नाही. चालकाला पाणीपुरवठ्याच्या टँकरवर पाठवलेलं. तो येईपर्यंत अर्धा तास गेला, आल्यावर कळलं बॅटरी उतरलीय. शेवटी शेजारच्या तालुक्याचा बंब आला आणि पाठोपाठ साखर कारखान्याचा. माणूस कुणी दगावला नाही, पण रुई पुढे दोन-तीन दिवस धुमसतच होती.

सर्वसाधारण सभेत मी विषय काढला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मुंबईला शासनाचे अग्निशमन सल्लागार बसतात, त्यांना पत्र टाका, ते सगळं बघतात." मुख्याधिकारी म्हणाले, "त्यांचा आपला संबंध इमारतींच्या मंजुरीपुरता." आता या दोघांत खरं कोण? एका जुन्या पत्रावर पदाचं नाव बघितलं, "संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा तथा अग्निशमन सल्लागार, महाराष्ट्र शासन". एवढं लांबलचक पद, म्हणजे काहीतरी अधिकार असणारच ना? ते सल्ला देतात तो कुणाला? नगरपरिषदेने तो नाही ऐकला तर काय होतं? आणि मुख्य म्हणजे, आम्हाला अग्निशामक मिळवून देतील का?

तिरकस

ताई, सल्लागार म्हणजे ज्याचं ऐकायचं की नाही हे दुसरा ठरवतो तो. लग्नात आत्याबाई असतात तसं. पत्र टाका, पोच घ्या, फाइलला लावा. विषय संपला.

निवृत्त_स्थानक_अधिकारी

तिरकसराव, गंमत पुरे. ताईंचा प्रश्न बाळबोध नाही. तो मंत्रालयात बसणाऱ्या बऱ्याच जणांनाही नीट सांगता यायचा नाही. मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलातून स्थानक अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं सांताक्रूझला, म्हणजे संचालनालयात, प्रतिनियुक्तीवर होतो. तिथे टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघितलंय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. अग्निशमन हे आपल्याकडे स्थानिक संस्थेचं काम आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या विषयांच्या यादीत ते आहे. बंब तुमचा, चालक तुमचा, डिझेल तुमचं. मुंबईचं दल मुंबई महापालिकेचं, पुण्याचं पुण्याचं, एमआयडीसीचं तिचं स्वतःचं. संचालक हे काही या सगळ्यांचे सेनापती नव्हेत. त्यांच्या हाताखाली राज्यभर पसरलेली बंबांची फौज नाही. पोलीस महासंचालकांनी फोन उचलला की ठाणेदार उभा राहतो, तसं इथे होत नाही. बऱ्याच आमदारांनाही हे माहीत नसतं.

मग ते करतात काय? त्यांचं कार्यालय नगरविकास विभागाच्या अखत्यारीत येतं. एक, शासनाला तांत्रिक मत देणं. कायदा करायचा, नियम बदलायचे, एखाद्या मोठ्या आगीनंतर परिपत्रक काढायचं, विधानसभेत प्रश्न आला तर उत्तराची टिप्पणी तयार करायची, यात त्यांचं मत लागतं. दुसरं, आपला जो कायदा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, त्याखाली यंत्रणा बसवणाऱ्या आणि तपासणाऱ्या एजन्सींना परवाना देणं. तिसरं, जिथे स्वतःचा मुख्य अग्निशमन अधिकारी नाही अशा भागातल्या उंच इमारती, रुग्णालयं, मंगल कार्यालयं वगैरेंच्या नकाशांना अग्निसुरक्षेची मंजुरी. तुमचे मुख्याधिकारी बोलले ते हे, आणि तेवढं खरं आहे. चौथं, प्रशिक्षण. सांताक्रूझलाच, कलिन्याच्या विद्यानगरीत, राज्याची अग्निशमन अकादमी आहे. अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा वर्षाचा पाठ्यक्रम तिथे चालतो. माझ्या मते या चौथ्या कामाइतकं टिकाऊ त्यांच्या हातून दुसरं काही होत नाही. राज्याच्या कोपऱ्यातल्या दलात गेलात आणि कुणी होजची गुंडाळी नीट घालताना दिसला, तर तो बहुधा सांताक्रूझ नाहीतर नागपूरहून शिकून आलेला असतो.

नागपूर म्हणजे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते केंद्राचं. १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं, १९५७ला नागपुरात आलं. तेही सल्ल्यातूनच उभं राहिलं बरं का. केंद्रीय गृहखात्याने १९५५मध्ये स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली होती. किती वस्तीला किती पंप, शहरात किती मिनिटांत पोहोचायचं, हे जे निकष आजही सगळे तोंडपाठ म्हणतात ते त्या समितीचे. पन्नास हजार वस्तीला एक पंप, असं तीन लाखांपर्यंत, त्यापुढे दर लाखाला एक.

आता ताई, तुमचं गाव 'क' वर्ग, म्हणजे वस्ती चाळीस हजारांच्या आत. निकषाप्रमाणे तुम्हाला एक पंप बसतो आणि तो तुमच्याकडे उभा आहे. म्हणजे जिल्ह्याच्या तक्त्यात तुमच्या गावापुढे बरोबरची खूण झालेली असणार! मी असे तक्ते भरून घेतलेले आहेत. 'अग्निशमन वाहन आहे काय?' या रकान्यात 'होय'. ते वाहन कोण चालवतो हा रकाना त्यात नसतो.

गाडी मिळणं तुलनेने सोपं आहे. तिच्यासाठी जिल्हा नियोजनातून पैसा येतो, राज्याच्या योजना आहेत, पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ला पाच हजार कोटींची योजना काढली आहे, त्यात राज्याने पंचवीस टक्के घालायचे. गाडी आली की फोटो निघतो. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही. पाण्याच्या बंबावर एका पाळीला एक प्रमुख, एक चालक-यंत्रचालक आणि चार अग्निशामक धरले, तर तीन पाळ्यांना अठरा. साप्ताहिक सुट्ट्या आणि आजारपण धरलं की आकडा विसाच्या वर जातो. ही पदं तुमच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, असावी लागतात. आकृतिबंध मंजूर करणार नगरविकास विभाग. नगरपरिषदांचे अग्निशमन अधिकारी भरणार नगरपरिषद प्रशासन संचालनालय, ते कार्यालय वेगळं. सल्लागार यात कुठे? 'पदं आवश्यक आहेत' असं मत देण्यापुरते. मतावर नेमणूक होत नसते.

एका नगरपरिषदेत (जिल्हा सांगत नाही) मी तपासणीला गेलो होतो. बंब ताडपत्रीखाली. ताडपत्री काढली तर पुढचे टायर बसलेले, पंपाच्या सक्शनच्या तोंडात चिमणीचं घरटं. कागदावर मात्र दर महिन्याची पंप चाचणी 'समाधानकारक'. मी प्रायमिंग, म्हणजे पंपात आधी पाणी ओढून घेणं, करून बघूया म्हटलं, तर तिथल्या चालकाने मला विचारलं, "साहेब, प्रायमिंग म्हणजे कोणतं बटण?" त्या पोराला कशाला दोष देऊ? तो घंटागाडी चालवायचा, त्याला बंबाची किल्ली दिली होती, बस. मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. अहवाल वर गेला, वरून नगरपरिषदेला पत्र गेलं, नगरपरिषदेचं उत्तर आलं की 'सूचनांची नोंद घेण्यात आली आहे'. सरकारी मराठीत याचा अर्थ काय होतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हा रोग लहान गावांचा नाही. २१ जून २०१२ला खुद्द मंत्रालयाला आग लागली होती, आठवतंय ना? ज्या इमारतीतून राज्याला अग्निसुरक्षेची परिपत्रकं जातात, तिचे वरचे मजले जळाले. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांचं फायर ऑडिट करा असे आदेश निघाले. ऑडिटं झालीसुद्धा. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. ऑडिट म्हणजे सल्लाच. त्यात लिहिलेली वायरिंग बदलायला, जिना मोकळा करायला पैसा आणि सही दुसऱ्याची लागते.

तुम्ही कापसाच्या गावच्या म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १४ एप्रिल आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, तो १९४४च्या मुंबई गोदीच्या स्फोटाचा. फोर्ट स्टिकिन जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच पोटात भरलेल्या. दुपारी कापसातून धूर दिसला. पाणी मारणं चालू होतं, पण गाठ आतून जळते, वरून ओतलेलं पाणी आत शिरत नाही, हे तुम्ही मार्चमध्ये डोळ्यांनी बघितलंत. धक्क्यावर जाणकार होते. एकाने सांगितलं जहाज जागीच बुडवा, दुसऱ्याचं म्हणणं समुद्रात ओढून न्या. सल्ले भरपूर, पण हुकूम सोडणारा एक माणूस ठरलेला नव्हता. चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान गेले. आमच्या पाठ्यक्रमात हा प्रसंग पाण्याच्या हिशेबासाठी शिकवतात. मला तो नेहमी या दुसऱ्या कारणासाठी आठवतो.

तेव्हा तुमच्या सभागृहातले दोघेही अर्धे बरोबर. सल्लागार 'सगळं बघत' नाहीत, आणि त्यांचा संबंध 'मंजुरीपुरता'ही नाही. ते काय करतील हे तुम्ही त्यांना काय विचारता यावर आहे. ते नंतर सांगतो, आधी बाकीच्यांना बोलू दे.

कार्डिफकर

स्थानक अधिकारी साहेब, झकास लिहिलंत. मी वेल्समध्ये इमारतींच्या सेवायंत्रणांचं डिझाइन करतो, त्यामुळे इकडचं थोडं सांगतो. इकडेही हेच दुखणं आहे, फक्त कागद गुळगुळीत.

इंग्लंडमध्ये पूर्वी अग्निशमन सेवांचे मुख्य निरीक्षक असायचे. २००७ला त्यांच्या जागी 'मुख्य अग्निशमन व बचाव सल्लागार' हे पद आलं. पहिले सल्लागार सर केन नाइट. त्याआधी ते लंडन दलाचे आयुक्त होते, म्हणजे माणूस आगीतून गेलेला, नुसता फायलींमधला नव्हे. ३ जुलै २००९ला दक्षिण लंडनमधल्या लाकानल हाउस या उंच इमारतीला आग लागून तीन बायका आणि तीन मुलं गेली. मंत्र्यांनी नाइट यांना अहवाल मागितला आणि त्यांनी तो त्याच महिन्यात दिला. त्यात एक मत असं होतं की जुन्या सगळ्या उंच निवासी इमारतींना मागाहून स्प्रिंकलर (आग लागली की आपोआप पाणी सोडणारे छतातले फवारे) बसवण्याची सक्ती करणं व्यवहार्य आणि परवडणारं नाही, ते ज्याच्या त्याच्या घरमालकाने ठरवावं. पुढे २०१३च्या मार्चमध्ये त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं, की स्प्रिंकलर बसवायला उत्तेजन द्या आणि इमारत नियमांतली अग्निसुरक्षेची मार्गदर्शिका पुन्हा तपासून सोपी करा. ती फेरतपासणी रेंगाळली. १४ जून २०१७ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली.

म्हणून मला तिरकसरावांसारखं 'सल्लागाराचं कुणी ऐकत नाही' एवढंच म्हणवत नाही. कधीकधी सल्लागाराचं फार लगेच ऐकतात, सल्ला खिशाला परवडणारा असला की. नाइट यांचाच २०१३चा दुसरा अहवाल बघा. दहा वर्षांत आगीचे प्रसंग चाळीस टक्क्यांनी घटले, पण खर्च आणि माणसं जवळपास तेवढीच राहिली, असं त्यात मांडलं होतं. आकडा खरा होता. पण तो काटकसरीच्या काळात आला आणि कर्मचारी संघटना चिडल्या. त्यांचं म्हणणं, प्रसंग घटले ते घरोघरी जाऊन प्रतिबंधाचं काम केलं म्हणून, ती माणसं कमी केलीत तर काय होईल? मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

इंग्लंडमधलं ते पद आता राहिलेलं नाही. २०१७पासून तपासणीचं काम पोलिसांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे जोडलं, आणि चालू कामाबद्दलचा सल्ला अग्निशमन प्रमुखांच्या राष्ट्रीय परिषदेकडे गेला. आमच्या वेल्समध्ये मात्र अजून 'मुख्य सल्लागार तथा निरीक्षक' आहेत. देश छोटा, दलं तीनच, त्यामुळे एका माणसाला सगळं तपासता येतं. ते एकेक विषय घेऊन तिन्ही दलांची पाहणी करतात आणि अहवाल सरकारी संकेतस्थळावर उघडा ठेवला जातो. मला हे 'तथा निरीक्षक' फार महत्त्वाचं वाटतं. सल्ला देणाऱ्याला स्वतः जाऊन बघण्याचा आणि बघितलेलं छापण्याचा हक्क असला, की 'नोंद घेण्यात आली आहे' म्हणणं जरा अवघड जातं. जाता जाता, नव्या घरांना स्प्रिंकलरची सक्ती करणारा पहिला देश वेल्स, जानेवारी २०१६पासून. बिल्डरांनी इथेही बोंब मारली होतीच.

पंपवाला_पिंपरी

मी परवानाधारक एजन्सीत काम करतो. आमचा परवाना संचालकांच्याच सहीचा, म्हणून 'अधिकार काहीच नाही' हे मला पटत नाही. ताईंनी एक बाजू बघितलीच नाहीये, ती म्हणजे जिनिंगवाला. कायद्याचं कलम ३ वाचा. यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. नगरपरिषदेचा बंब ही पुढची गोष्ट. यंत्रणा बसवल्याचा 'नमुना अ' असतो आणि ती चालू स्थितीत असल्याचा 'नमुना ब' वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. त्या गिरणीने या जानेवारीत दिला होता का, हे आधी काढा. दिला असेल तर कुणी दिला ते बघा.

आणि कसा दिला तेही. आमच्या धंद्यात टेबलावर बसून 'ब' देणारेही आहेत, उगाच कशाला लपवू. खरी तपासणी कशी असते सांगतो. पंपरूमला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे नसते, मॅनेजर येईपर्यंत वीस मिनिटं जातात. आत गेलं की पहिलं बघायचं पॅनेलवरचा सिलेक्टर, म्हणजे पंप आपोआप सुरू व्हायचा की हाताने, ते ठरवणारं बटण. दहापैकी निम्म्या जागी तो 'मॅन्युअल'वर सापडतो, कारण जॉकी पंप, म्हणजे लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो म्हणून कुणीतरी वैतागून फिरवून ठेवलेला. जॉकी सारखा चालतो म्हणजे लाइन कुठेतरी गळतेय. गळती शोधायची सोडून सिलेक्टर फिरवला, की आगीच्या वेळी हायड्रंट (आगीच्या पाण्याचा नळ) उघडल्यावर मुख्य पंप आपोआप सुरू होतच नाही. मग सगळ्यात लांबचा हायड्रंट उघडून प्रेशर बघायचं. जवळचा नाही! जवळचा काय, टाकीच्या वजनानेही वाहतो.

जिनिंगमध्ये तर आवारात रुईचा फुफाटा सगळीकडे. होजरीलच्या (गुंडाळून ठेवलेल्या पाइपच्या) पेटीत कापूस कोंबलेला मी बघितलाय. खोटा 'ब' देणाऱ्या एजन्सीची तक्रार थेट संचालकांकडे जाते आणि परवान्यावर कारवाई करणं त्यांच्याच हातात आहे. इथे सल्ला नाही, अधिकार आहे.

खानदेशची_ताई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. पंपवाले दादा, तुम्ही म्हणालात तसं आज सकाळी कार्यालयात विचारलं. 'नमुना ब'ची फाइल आहे का, तर लिपिक म्हणाले, "ते काय असतं मॅडम?" गावात चालू जिनिंग सहा-सात तरी आहेत, दोन मंगल कार्यालयं, तीन नर्सिंग होम. एकाचाही कागद आमच्याकडे नाही. आलाच नाही की आला आणि कुठे गेला, देव जाणे.

मुख्याधिकाऱ्यांशी पुन्हा बोलले. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांचं एकच, "आकृतिबंधात पदं नाहीत, माझे हात बांधलेले." स्थानक अधिकारी साहेब, तुम्ही 'नंतर सांगतो' म्हणालात. आता सांगा, पत्रात नेमकं काय लिहू? मी घरी मसुदा केला होता, 'आमच्या शहराची अग्निशमन व्यवस्था सक्षम करण्याबाबत विनंती'. तो पाठवू का?

निवृत्त_स्थानक_अधिकारी

तो नका पाठवू. 'सक्षम करण्याबाबत' अशा पत्रांचा तिथे गठ्ठा असतो. आवकला शिक्का बसतो, टेबलावर येतं, आणि काय उत्तर द्यायचं हे बिचाऱ्या सहायकाला कळत नाही. म्हणून तो 'शासन धोरणानुसार प्रस्ताव सादर करावा' असं ठरलेलं उत्तर पाठवतो. चूक त्याची नाही, पत्रात प्रश्नच नसतो.

तुम्ही एकट्याने पत्र लिहिण्यापेक्षा सभेचा ठराव करून घ्या. नगरसेविकेचं पत्र म्हणजे निवेदन, ठरावासह मुख्याधिकाऱ्यांचं पत्र म्हणजे प्रस्ताव. प्रस्तावाला टिप्पणी लिहावीच लागते. ठरावात संचालकांकडून लेखी तांत्रिक अभिप्राय मागा आणि प्रश्न मोजके, टोकदार ठेवा. आमच्या हद्दीत अमुक इतक्या जिनिंग गिरण्या आहेत, त्यांचा कापूस साठा हंगामात अमुक असतो, जवळचं दुसरं अग्निशमन केंद्र अमुक किलोमीटरवर आहे. या धोक्यासाठी किमान किती आणि कोणत्या दर्जाचे कर्मचारी लागतात, आहे तो बंब पुरेसा आहे की नाही, आणि सध्याच्या चालकांपैकी कुणाला अकादमीत पाठवता येईल. केंद्राची प्रत्यक्ष तपासणी करून अहवाल द्यावा, हेही त्यातच घाला. कार्डिफकर म्हणाले ते बघण्याचं काम हेच.

याचा उपयोग काय, तर 'किमान इतकी पदं आवश्यक' असं शासनाच्या सल्लागाराचं लेखी मत एकदा आलं, की तुमचे मुख्याधिकारी आकृतिबंध सुधारणेचा प्रस्ताव करताना ते जोडू शकतात. आज त्यांचे हात बांधलेत कारण त्यांच्याजवळ फक्त स्वतःचं म्हणणं आहे. उद्या ते मत फाइलवर असताना वरून कुणी पदं नाकारली, तर नाकारणाऱ्याला कारण लिहावं लागेल. कारण लिहायला कुणालाच आवडत नाही. माझ्या नोकरीत मी जी थोडी कामं पुढे सरकताना बघितली ती या भीतीवर सरकली, कुणाच्या कळवळ्यावर नव्हे.

पण या सगळ्याला वेळ लागेल. आकृतिबंध म्हणजे वर्षाची गोष्ट, कधी जास्त. तोवर बंब उभा ठेवायचा नसेल तर दोन गोष्टी तुमच्या गावातच होतात. एक, चालकाचा कार्यालयीन आदेश. बंबावर नेमलेल्या चालकाला लेखी आदेशाशिवाय दुसऱ्या वाहनावर पाठवायचं नाही, आणि पाठवलं तर बदली चालक आधी. रोज सकाळी इंजिन चालू करून पंपातून पाणी काढायचं आणि वहीत वेळ लिहायची. वही दर सोमवारी तुम्ही स्वतः बघायची, सही करायची. नगरसेवकाची सही वहीत दिसू लागली की वही खरी होते. दोन, शेजारचा तालुका, साखर कारखाना आणि तुमच्या जिनिंगवाल्यांना एकत्र बसवून परस्पर मदतीचा लेखी करार. वर्दी कुणी कुणाला द्यायची, कोणता नंबर, पाणी कुठे भरायचं, आणि घटनास्थळी आल्यावर हुकूम कुणाचा चालणार. हे शेवटचं आधी ठरवा. तीन बंब आणि तीन साहेब जमले की काय होतं ते मी बघितलेलं आहे.

जिनिंगवाल्यांना जुलैचा 'ब' द्या म्हणून नोटीस आत्ताच काढायला सांगा, हंगाम सुरू व्हायच्या आधी वेळ आहे. ती नोटीस कुणाच्या सहीने जायला हवी हे तपासून घ्या, नाहीतर एखादा वकील तिथेच धरेल. रुईसाठी म्हणून एक सांगतो, नुसतं पाणी मागू नका. गाठी फोडून पसरवायला जेसीबी लागतो, तो कुणाचा येणार तेही करारात लिहा.

तिरकस

माघार घेतो. फक्त एक शंका. हा ठराव सभेत येईल तेव्हा जिनिंगवाल्यांचा कुणी ना कुणी नातेवाईक सभागृहात बसलेला असणार. त्याचं काय?

निवृत्त_स्थानक_अधिकारी

असणारच, खानदेशात कापूस आणि राजकारण वेगळं कधी होतं? म्हणून नोटिशीचा विषय ठरावात आणूच नका. ते प्रशासनाचं रोजचं काम आहे, त्याला सभेची परवानगी कशाला? सभेसमोर फक्त अभिप्राय मागण्याचा आणि परस्पर मदतीचा विषय ठेवा. त्यात जिनिंगवाल्याचाही फायदा आहे, त्याचा विमावालाही खूश होईल. आणि ताई, सूचक म्हणून तुमचं नाव असू द्या, पण अनुमोदक सत्ताधारी बाकावरचा घ्या. शक्यतो तोच नातेवाईक.